दहावं बटण

पिशवी निळ्या कापडाची होती, तोंडाला नाडी होती. साठ वर्षं झाली, पण ती अजून डोळ्यांसमोर आहे.

आम्ही सातवीत होतो. गणिताच्या बाईंनी सांगितलं, आता संभाव्यता शिकायची. एखादी गोष्ट घडेल की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं, तरी ती घडण्याची शक्यता किती, हे मोजता येतं. त्यासाठी दहा बटणं हवी होती. माझी आई शिवणकाम करायची, म्हणून ती आणायचा मान माझा. आईच्या डब्यात एकसारखी नऊ पांढरी सापडली. दहावं काळं हवं होतं, तेही त्याच मापाचं. ते बाबांच्या जुन्या कोटाचं निघालं.

शुक्रवारी शेवटच्या तासाला बाईंनी दहा मुलींना ओळीत उभं केलं. न बघता पिशवीत हात घालायचा, एक बटण काढायचं आणि आपल्या मुठीत ठेवायचं. पहिलीला पांढरं आलं. बाईंनी विचारलं, आता काळं येण्याची शक्यता वाढली की कमी झाली? वाढली, कारण पिशवीत दहाऐवजी नऊच उरली. दुसरं पांढरं, तिसरं पांढरं. दर पांढऱ्याबरोबर काळं जवळ येत होतं आणि वर्ग गप्प होत होता. नऊ झाली. दहावी होती आमची ठेंगू, एरवी कुणाला न भिणारी. तिनं हात पाठीमागे नेला आणि म्हणाली, "बाई, मला नको." सगळ्या हसल्या. तेवढ्यात घंटा झाली. बाई म्हणाल्या, हा अर्धाच धडा आहे, उरलेला बुधवारी.

मी अर्धा धडा घेऊन घरी आले.

बाबा पुस्तकबांधणीचं काम करायचे. वर्षभर त्यांचं पोट दुखत होतं आणि त्या आठवड्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. मंगळवारी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की यातून दहातले नऊ जण बरे होतात. आई हे वाक्य ज्याला त्याला सांगत होती, दर वेळी नऊवर जोर देऊन. मलाही त्याचा धीर वाटत होता. सोमवारी संध्याकाळी वॉर्ड पुसता पुसता तिथल्या आयानं आईचा चेहरा पाहिला आणि तिची समजूत घातली. हे डॉक्टर इथं आल्यापासून त्यांनी हेच ऑपरेशन नऊ जणांचं केलंय, ती म्हणाली, आणि नऊच्या नऊ आपल्या पायांनी घरी गेले.

आईनं हात जोडले. मी बोटांवर मोजलं. नऊ पांढरी निघून गेली होती. दहावे बाबा होते.

कुणाला सांगू? आई बाबांच्या खाटेवर बसून त्यांची नखं कापत होती. नखांत सरस सुकलेला असायचा, तो काही केल्या निघायचा नाही. तिच्या तोंडचा नऊचा धीर काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं.

शेजारच्या खाटेवर कुलूपवाले काका होते. त्यांचंही तेच ऑपरेशन, त्याच दिवशी, बाबांच्या नंतर. भिंतीवरच्या सगळ्या पाट्या मी वाचून काढायची म्हणून ते मला इन्स्पेक्टर म्हणायचे. औषधांच्या कपाटाचं कुलूप केसांच्या पिनेनं उघडतं, असं त्यांनी मला कानात सांगितलं होतं, आणि वर बजावलं होतं, सिस्टरला कळू देऊ नकोस, नाहीतर मला कायमचं इथंच ठेवून घेतील.

मंगळवारी शाळेआधी मी आईबरोबर गेले. बाबांना इंजेक्शन दिलं होतं, ते अर्धवट झोपेत होते. आई कागदांवर सही करायला गेली. माझ्या दप्तरात बिस्किटं होती. ऑपरेशनआधी पोटात काही जाता कामा नये, ही पाटी मी वाचलेली होती. मी एक बिस्किट चुरलं. चुरा बाबांच्या उशीवर टाकला, थोडा त्यांच्या गळ्यापाशी. घाईत निम्मा जमिनीवर सांडला.

सिस्टर स्ट्रेचरची गाडी घेऊन आल्या. सकाळपासून काही खाल्लं नाही ना, त्यांनी बाबांना विचारलं.

"मी दिलं," मी म्हणाले. "दोन बिस्किटं."

बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. हिनं काही दिलं नाही, असं ते म्हणाले, पण जीभ जड झालेली, आणि सिस्टरची नजर उशीवर गेली होती. मला त्यांनी फैलावर घेतलं. भुलीत अन्न वर आलं तर माणूस गुदमरतो, एवढी मोठी मुलगी, कळत नाही? मग त्या डॉक्टरांना विचारून आल्या. बाबांचं ऑपरेशन शुक्रवारवर गेलं. गाडी शेजारच्या खाटेला लागली.

"बघ इन्स्पेक्टर," काका गाडीवर आडवे होत म्हणाले, "रांगेत न घुसता माझा नंबर आधी लागला." त्यांनी डोळा मारला. त्यांचे ओठ मात्र पांढरे पडले होते. गाडीचं एक चाक कुरकुरत होतं, ते वॉर्डाबाहेरच्या बोळाच्या टोकापर्यंत ऐकू आलं.

मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. बाहेरच्या बाकावर काकांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या. मांडीवर काकांचा चष्मा आणि किल्ल्यांचा भलामोठा जुडगा. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली. बरं झालं लवकर नेलं, त्या म्हणाल्या, पहाटेपासून घाबरून बसले होते, बोलून दाखवत नाहीत इतकंच. मग जुडगा माझ्या हातात दिला.

"जरा धरतेस, बाळ? मांडीवरून घसरतोय."

किल्ल्या काकांच्या खिशातून नुकत्याच काढलेल्या, अजून कोमट होत्या. मी त्या काकूंच्या मांडीवर परत ठेवल्या आणि पळत सुटले.

शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती. बाई शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर लावायचे तक्ते गुंडाळत होत्या. मी दारातच सगळं सांगून टाकलं, बटणं, नऊ माणसं, बिस्किट, काका. बाबांचं काळं बटण मी काकांना दिलं, असं मी म्हणाले. बाईंच्या हातातला तक्ता उलगडत खाली आला.

"अगं," त्या हळू म्हणाल्या, "आपण काढलेली बटणं मुठीत ठेवली होती. परत टाकली नव्हती."

मला कळेना. बाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर उकिडव्या बसल्या. वर्गात पिशवी रिकामी होत गेली, म्हणून काळं जवळ आलं, त्या म्हणाल्या. दवाखान्यात तसं नसतं. बरे झालेले नऊ जण आपापलं पांढरं बटण घेऊन घरी गेले नाहीत. प्रत्येक माणूस येतो तेव्हा पिशवी पुन्हा भरलेली असते, नऊ पांढरी, एक काळं. आधी कुणाला काय आलं, हे पिशवीला माहीत नसतं.

"म्हणजे काकांना काळं येणार नाही?"

बाईंनी खाली पडलेला तक्ता उचलून टेबलावर ठेवला. त्यांनी तेव्हा खोटं बोलावं असं मला फार वाटत होतं.

"येऊ शकतं," त्या म्हणाल्या. "दहात एक."

"आणि बाबांना?"

"तेवढंच. आजही, शुक्रवारीही."

मी केलं त्यानं काहीच बदललं नव्हतं. एका माणसाला दुसऱ्याच्या जागी ढकलून मी बाबांसाठी तसूभरही मिळवलं नव्हतं.

बाई माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. आईनं मला पाहिलं आणि माझा हात धरला. आम्ही चौघी त्या बाकावर बसलो. दोन तासांनी सिस्टर बाहेर आल्या आणि काकूंना म्हणाल्या, झालं, व्यवस्थित आहेत. काकू रडल्या, आई रडली. माझ्या डोळ्यांत पाणी येण्याआधीच मला शुक्रवार आठवला.

बुधवारी उरलेला धडा झाला. या वेळी काढलेलं बटण दाखवायचं आणि परत पिशवीत टाकून हलवायचं. तिसऱ्याच मुलीला काळं आलं. वर्ग ओरडला. तिनं ते परत टाकलं, चौथीनं हात घातला, पुन्हा काळं. सगळ्या हसायला लागल्या. काळं यायला आधी नऊ पांढरी लागत नव्हती, काही म्हणजे काही लागत नव्हतं. मी बाकाची कड घट्ट धरून बसले. अर्ध्या धड्यात निदान मोजायला काहीतरी होतं.

गुरुवारी काकांना शुद्ध नीट आली होती, तेव्हा त्यांना मी सगळं सांगितलं. ऐकताना ते छताकडे बघत होते.

"म्हणजे तू मला पुढं ढकललंस," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"मग मला चहा मिळेल तेव्हा पहिला कप तू आणायचास. बिनबिस्किटाचा." हसताना टाके ओढले गेले, तसे ते कण्हले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, असं पुन्हा कुणाला करू नकोस हं. एवढंच.

बाबांनी शेजारून ऐकलं होतं, औषध द्यायला आलेल्या सिस्टरनीही. बाबा मला रागावले नाहीत. शुक्रवारी सकाळी सिस्टरनी त्यांची उशी उचलून, झटकून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. गाडी आली. बाबांनी मला जवळ बोलावलं. त्यांचे हात धुऊनही सरसाचा वास येत होता.

"माझं कितवं बटण गं?"

"पहिलं," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. चाक कुरकुरत बोळाच्या टोकाला गेलं.

आई आणि मी बाकावर बसलो. काकू वॉर्डातून उठून आमच्यापाशी आल्या आणि तो किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. मी एकेक किल्ली बोटानं पुढं सरकवत राहिले. दहाव्या किल्लीपाशी थांबले नाही. संपल्या की पुन्हा पहिलीपासून. किती वेळा झाल्या, आठवत नाही. तळव्याला लोखंडाचा वास लागला होता.

दार उघडलं. सिस्टरनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि आईला सोडून आधी माझ्याकडे बोट केलं.

"चार दिवस त्यांना बिस्किट द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "खरं नाही, आणि खोटंही नाही."