नाकदार

कांदा तेलात पडला की पहिलं अर्धं मिनिट त्याचा आवाज सर्वांत मोठा असतो. मग तो हळूहळू उतरतो, आणि पाचव्या मिनिटाच्या आसपास, आतलं पाणी आटत आलं की, चुरचुर जाऊन नुसती कुजबुज उरते. नणंद त्या कुजबुजीची वाट बघत ओट्यापाशी उभी होती. मान जराशी डावीकडे कललेली, दाराआडचं बोलणं ऐकावं तशी. भावजयीने घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यात नणंदेने झारा उचलला.

भावजय पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, त्यामुळे तिची नजर अशा ठिकाणी आपोआप जायची. दर उन्हाळ्यात ती दोन्ही मुलांना घेऊन तीन आठवडे नणंदेकडे राहायला यायची. मागच्या उन्हाळ्यापर्यंत नणंद कांद्यावर वाकायची, नाक भरून वास घ्यायची आणि म्हणायची, "हं, आता गोड झाला." यंदा ती वाकत नव्हती. ऐकत होती.

याचं कारण भावजयीला आल्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं होतं. मागच्या शेगडीवर दूध करपत होतं, वास अंगणापर्यंत पोचला होता, आणि नणंद दोन हात अंतरावर उभी राहून निवांतपणे फरसबी मोडत होती. भावजयीने गॅस बंद केला, आडपडदा न ठेवता विचारलं, "ताई, कधीपासून येत नाही वास?"

नणंदेने हातातली शेंग मोडून पुरी केली. "थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. गोड, आंबट, खारट, कडू एवढं जिभेला कळतं. बाकी सगळा पुठ्ठा."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आला तर येईल म्हणतात. त्यासाठी फी घेतात." ती हसली, पण लगेच आवाज खाली आणून म्हणाली, "कोणाला बोलू नकोस हं. तुझ्या नवऱ्याला तर मुळीच नको. माझा भाऊ असला तरी त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

लपवण्याला कारण होतं. नणंद एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघरात आचारीण होती. दोनशे दहा मुलांचं रोजचं जेवण. तिथले मुख्य आचारी, ज्यांना मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे उस्ताद म्हणत, या सुट्टीनंतर निवृत्त होणार होते आणि आपली जागा हिनेच घ्यावी म्हणून तीन महिने तिच्या मागे लागले होते. बारा वर्षं तिने त्यांच्या हाताखाली काढली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"हो म्हटलं तर दोनशे पोरांचं दूधतेल माझ्या भरवशावर," नणंद म्हणाली. "नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की आहे तीही नोकरी गेली. बिननाकाची आचारीण कोण ठेवेल? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय." म्हणून उस्तादांचा फोन आला की ती शेंगा तोडायला परसात जायची, आणि तिची नऊ वर्षांची लेक फोन घेऊन ठरलेलं वाक्य म्हणायची, "आई उद्या सांगते म्हणाली."

"तुझ्या आईचा उद्या फार लांब राहतो गं," उस्ताद एकदा म्हणाले होते.

ही लेक घरात वकिलीण म्हणून ओळखली जायची, कारण तिला 'झोप' म्हटलं तरी ती आधी दोन्ही बाजू मांडायची. भावजयीचा सहा वर्षांचा मुलगा इंजिन, कारण तो चालत कुठेच जात नसे. आणि तिची चार वर्षांची मुलगी शेंग, लांब, हिरव्या फ्रॉकातली आणि कायम कुठेतरी लोंबकळणारी. या तिघांना नणंदेने कामाला लावलं होतं. उन्हाळ्यात मोठ्या माणसांची नाकं आळसावतात, असं तिने त्यांना सांगितलं होतं, आणि म्हणून घरात रोज एक नाकदार नेमला जायचा. हवालदार, जमादार, तसा नाकदार. त्याने ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायचं आणि विचारलं की वास घेऊन सांगायचं.

मुलांची उत्तरं पुस्तकातली नसत. टोमॅटोला अजून पानांचा वास येतोय, असं इंजिन म्हणाला की नणंद समजायची, कच्चेपणा गेला नाही, अजून दहा मिनिटं. एकदा शेंग म्हणाली, "पातेलं रागावलंय." नणंदेने ताबडतोब पातेलं उतरवलं, तळाशी डाव फिरवला. मका नुकताच लागायला आला होता. भावजयीच्या प्रयोगशाळेत पाण्याचा वास ओळखणारं, परदेशातून मागवलेलं एक यंत्र होतं, आणि ते इतक्या लवकर काही सांगत नसे.

नणंदेचं काम बघताना भावजयीला आपल्या घड्याळाची लाज वाटे. सकाळी बाजारातून आणलेले टोमॅटो ती परातीत पसरायची आणि एकेकाला अंगठ्याने हलकेच दाबून तीन ढीग करायची: आजचे, उद्याचे, परवाचे. परवाचा खरंच परवा पिकायचा. मक्याचं कणीस कानाशी धरून ती साल सोलायची. साल करकरली तर कोवळं, खरखरली तर निबर. आणि हे करताना तीन मुलांची तीन भांडणं मिटवायची, तेही वर मान न करता.

"आई, याने माझा टोमॅटो घेतला."

"नाव लिहिलं होतं त्याच्यावर?"

"नाही, पण कब्जा माझा होता."

"मग अपील कर. तोवर देठ काढ."

दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या शिंप्याने कुंपणावरून टोपलीभर आलुबुखार दिले. त्याच्या झाडाला यंदा फार फळ लागलं होतं आणि त्याची बायको ते बघून बघून कंटाळली होती. नणंदेने फळं चिरली, बिया काढल्या, मोठ्या पातेल्यात साखर घालून जॅम शिजायला ठेवला. त्या दिवशी नाकदार शेंग होती.

पंचवीस मिनिटांनी नणंदेने चमचाभर जॅम बशीत गार करून शेंगेच्या नाकाशी धरला. "कच्चट वास गेला का गं?"

शेंगेने वास घेतला, चमचा चाटूनपुसून साफ केला आणि गंभीरपणे म्हणाली, "अजून थोडं."

पाच मिनिटांनी पुन्हा चमचा. पुन्हा, "अजून थोडं." मग वकिलिणीने हरकत घेतली की एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये, तेव्हा तिलाही चमचा मिळाला. तिचंही मत पडलं, अजून थोडं. इंजिन बाहेरून धावत आला आणि चमचा बघताच, काय विचारलंय ते न विचारता म्हणाला, "थोडं राहिलंय."

भावजय वर गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती खाली आली तेव्हा पातेल्यात जॅम नव्हताच. काळपट लाल चिवट असं काहीतरी डावाला धरून बसलं होतं आणि डाव सोडायला तयार नव्हतं. इंजिनाने त्याचा एक तुकडा मोठ्या आशेने तोंडात टाकला, दोनदा चावला आणि ओरडला. तुकडा बाहेर आला तो त्याचा हलणारा दात घेऊनच.

"दात निघाला! जॅमने काढला!" तो तोंडात रक्त असताना नाचायला लागला.

सगळे आधी खूप हसले. दात धुऊन खिडकीत ठेवला. मग भावजयीने शेंगेला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "खरं सांग. कच्चट वास कधी गेला होता?"

"पहिल्यांदाच," शेंग म्हणाली. "पण अजून थोडं म्हटलं की अजून एक चमचा मिळतो."

"कुंपणच शेत खात होतं म्हणायचं," नणंद म्हणाली आणि पुन्हा हसायला गेली. ते तिला जमलं नाही. ती स्टुलावर बसली. भावजयीने मुलांना अंगणात पिटाळलं.

"पोरीचं काही चुकलं नाही ताई. तपासणाऱ्याला तपासण्यातच फायदा असेल तर असंच होतं. आमच्याकडेही होतं."

"पोरीचं नाही गं म्हणत मी." नणंद पातेल्याकडे बघत होती. "मला कळलं होतं. दुसऱ्या चमच्यालाच डाव हाताला जड लागायला लागला होता. बुडबुडे मोठे झाले होते, फुटताना अंगावर थुंकत होते. माझा हात सांगत होता, उतरव. मी बारा वर्षं हेच करतेय. तरी मी उभी राहून चार वर्षांच्या पोरीला विचारत बसले. शाळेत हे झालं असतं तर?"

भावजयीने पातेल्यात पाणी ओतून ठेवलं. काही मनापासून म्हणायचं असलं की तिला आधी ते नीट मांडून घ्यावं लागे. "ताई, तुम्हाला काय येत नाही ते तुम्ही रोज मोजता. काय येतं ते एकदाही मोजलं नाही. उद्या मोजू. नाकदार स्टुलावर बसतील, पण तोंड बंद. तुम्ही विचारायचं नाही, त्यांनी सांगायचं नाही. मी लिहून घेते."

"आणि बिघडलं तर?"

"तर बिघडलं असं लिहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही नाकदार बाकावर ओळीने बसले. नियम एकच: कोणाच्या पोटात दुखेल असं काही दिसलं किंवा नाकाला कळलं, तरच हात वर करायचा. वकिलिणीने 'पोटात दुखणे' याची व्याख्या मागितली. ती देण्यात पाच मिनिटं गेली.

नणंदेने आजचे टोमॅटो घेतले, फरसबी, दोन कणसांचे दाणे, कांदा. सुरुवातीला ती दर मिनिटाला बाकाकडे बघत होती. हळूहळू बघणं थांबलं. कांदा उतरला तसा तिने टोमॅटो घातला. टोमॅटोचं पाणी सुटलं, मग आटायला लागलं, कडेला तेल दिसू लागलं. तिने डावाने मधोमध रेघ ओढली, तीन आकडे मोजेपर्यंत रेघ मिटली नाही, तेव्हा फरसबी टाकली. फरसबीची एक शेंग काढून दोन बोटांत वाकवली. वाकली, मोडली नाही. मका. झाकण. झाकणावर तिने तळहात ठेवला आणि डोळे मिटले. भावजय लिहायचं विसरली. इतक्या वर्षांत तिने कित्येक हुशार माणसांना काम करताना पाहिलं होतं, पण हात असा विचार करताना पाहिला नव्हता.

मध्येच इंजिनाचा हात वर गेला. सगळं थांबलं.

"काय रे? काय वास आला?"

"मला शू लागलीये."

"जा!" दोघी एकदमच ओरडल्या.

शेवटी नणंदेने फ्रीजमधून सायीचं भांडं काढलं. वरून साय घालून उतरवायचं होतं. साय पांढरी होती, घट्ट होती, दिसायला काही खोट नव्हती. तिने चमचा बुडवला, आणि वकिलिणीचा हात वर गेला. तो हात डोक्याच्या वर ताठ उभा होता आणि चेहऱ्यावर नेहमीचा युक्तिवाद नव्हता.

"आई, नको. नासलीये."

भावजयीने भांडं नाकाशी नेलं. खरंच होतं. काल कोणीतरी ते बराच वेळ फ्रीजबाहेर ओट्यावर ठेवलं असावं. नणंदेने चमच्याचं टोक जिभेला लावलं. आंबटपणाचा अंश असेल नसेल एवढाच. पातेल्यात पडल्यावर टोमॅटोत तो कुठल्या कुठे गेला असता.

सायीविना जेवायला बसले. मुलांनी ताटं पुसून घेतली. शेंगेने दोनदा मागितलं, आणि आज मागण्यात तिचा काही डाव नव्हता. जेवण झाल्यावर भावजयीने वही उघडली.

"वाचते. कांदा, बरोबर. टोमॅटो, बरोबर. शेंगा, मका, मीठ, बरोबर. शेवटचं, साय: कळली नाही." तिने वही मिटली. "एवढंच."

"एवढंच कसं? तेच तर मोठं आहे," नणंद म्हणाली.

"मोठं आहेच. मी लहान म्हणत नाहीये."

नणंद नळाखाली सायीचं भांडं घासत उभी होती. बराच वेळ घासत होती, भांडं केव्हाच स्वच्छ झालं होतं. मग पाण्याकडे बघतच म्हणाली, "सहा महिने मला सगळ्याचीच भीती वाटत होती. मिठाची, कांद्याची, झोपेतून उठून ओट्यापाशी जायची. ती भीती निघाली एका भांड्याएवढी."

"त्या भांड्याला दुसऱ्याचं नाक लावता येतं, ताई."

"येतं. पण त्याला चमचा नाही द्यायचा," नणंद म्हणाली, आणि या वेळी तिला हसणं जमलं.

फोन दुपारी वाजला. नणंद शेंगा तोडायला उठली नाही. वकिलीण सवयीने फोनकडे धावली, उचलून "आई उद्या" इथपर्यंत आली, आणि आईने पुढे केलेला हात बघून गप्प झाली. तिने फोन दिला. इंजिन आणि शेंग टेबलाखालून बाहेर आले. आत्याचा चेहरा बघून त्यांनीही आवाज केला नाही.

"उस्ताद, मीच बोलतेय. नाही नाही, उद्या नाही, आजच सांगते. आधी ऐकून घ्या, मध्ये बोलू नका, नाहीतर मी पुन्हा परसात पळेन." तिने ओट्याची कड धरली. "थंडीतल्या तापापासून मला वास येत नाही. मुळीच नाही. तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं माझं. स्वयंपाक मला येतो, पहिल्यासारखाच येतो, हवं तर तुम्ही समोर बसून बघा. पण दूध, साय, तेल, लोणी रोज सकाळी दुसऱ्या कोणीतरी नाकाने तपासायचं, आणि ते बरं आहे असं भिंतीवरच्या कागदावर सही करून लिहायचं. त्याच्याशिवाय एक भांडं शेगडीवर चढणार नाही. मुख्याध्यापकांना हे मी स्वतः सांगेन." ती थांबली. तिने श्वास घेतला आणि एकेक शब्द नीट म्हटला, "हे चालणार असेल तर तुमची जागा मी घेते."