रिकाम्या पेनाचं राहिलेलं उद्यापन

मी एक पेन बोलतोय. पेन म्हणायचं ते जुन्या ओळखीनं. माझ्यात आता रिफिल नाही, टोपण कधीच हरवलं. उरलीय ती नुसती पांढरी नळी, पुढे निमुळती, आणि मानेभोवती काळा दोरा गुंडाळलेला. मी फार दमलोय. पण या दोऱ्याची हकिगत सांगितल्याशिवाय मला विसावा नाही.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझा जन्म मी भुसावळचा धरतो. रेल्वे कॉलनीमागच्या गल्लीत राहणाऱ्या रत्नाबाईंनी चातुर्मासाच्या तोंडावर मला विकत घेतलं, हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि देवापुढे ठेवलं. त्यांचा नेम होता, रोज रामनाम लिहायचा. अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून त्या बसत आणि पान भरेपर्यंत कुणाशी बोलत नसत. दारात भाजीवाला ओरडला तरी हातानंच ‘थांब’ म्हणत. नेमानेमात त्यांचं आयुष्य गेलेलं. सोमवार, एकादश्या, श्रावणात कानबाई देवीचे रोट. गळ्यात तुळशीची माळ. अशा हातात मी होतो. माझ्यासारखा भाग्यवान मीच, असं मला वाटायचं.

शाई संपली. रत्नाबाईंचा एक रिवाज होता, ज्यानं देवाचं नाव लिहिलं तो पेन कचऱ्यात टाकायचा नाही. त्यांनी मला लाल फडक्यात, माझ्या आधीच्या भावंडांशेजारी ठेवलं. कार्तिकी एकादशीला आम्ही तापीमायच्या स्वाधीन होणार होतो. काम संपलं, आता नदी. मी निवांत डोळे मिटले.

आणि एका दुपारी कुणीतरी फडकं सोडलं.

ते लीलाधरभाऊ होते, रत्नाबाईंचे यजमान. रेल्वेच्या लोको शेडमधून, इंजिनांच्या कामावरून निवृत्त झालेला माणूस. नोकरीत असताना एका जुन्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं त्यांना एक वेड लावलं होतं. बारीक गळाला कोंबड्याच्या मानेची पिसं दोऱ्यानं बांधायची, त्याची खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर नाचवायची. खरी समजून मासा वर येतो. हतनूर धरणावर जाऊन ते मासा धरत आणि पुन्हा पाण्यात सोडून देत. घरात मासा आणायचा नाही, ही माळकरी बायकोची अट.

“सोडायचाच तर धरता काबरं?” रत्नाबाई विचारत.

“तुले नवस फेडायचाच असतो, तर बोलतेस काबरं?” ते म्हणत.

तर लीलाधरभाऊंनी माझी संपलेली रिफिल उपसून काढली, माझ्या निमुळत्या तोंडातून आरपार उजेड पाहिला आणि मला आपल्या टेबलावर नेऊन ठेवलं. तिथे एका छोट्या पकडीत गळ अडकवलेला होता, आणि दोऱ्याचं रीळ खाली लोंबत होतं.

माझं नवं काम शेवटाचं होतं. पिसं बांधणं कुणालाही जमेल, अवघड असतो तो दोऱ्याचा शेवट. दोरा नुसता कापला तर सगळी माशी उलगडते. जाड गाठ मारली तर गळाचं नाकं, म्हणजे दोरी ओवायचं भोक, बुजतं. म्हणून लीलाधरभाऊ माझ्या तोंडाभोवती दोऱ्याचा एक फेर घेत, माझं तोंड गळाच्या नाक्यावर टेकवत आणि तो फेर माझ्यावरून हळूच माशीच्या डोक्यावर सरकवत. ही अर्धी गाठ. अशा दोन-तीन एकापुढे एक बसवल्या की दोरा जागचा हलत नाही. मग वर नेलपॉलिशचा थेंब, पाण्यानं सुटू नये म्हणून. ती बाटली त्यांच्या मुलीची, हेमांगीची. लग्न होऊन धुळ्याला जाताना ती विसरून गेलेली.

याहून पक्का एक शेवट त्यांना येत होता, निव्वळ बोटांचा. त्यात दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली घालून ओढून घेतात. गाठ दिसतच नाही. ते करताना त्यांना माझी गरज नसे. मी बाजूला पडून बघायचो.

खरं सांगू? मला शरम वाटायची. कुठे रामनाम आणि कुठे हा गळ!

रत्नाबाईंना मी सापडलो तो दिवस विसरणार नाही. टेबल पुसताना त्यांचा हात माझ्यावर थबकला. ओळख पटली.

“अहो! हा देवाचा पेन व्हता!”

“संपलेला व्हता.”

“संपलेला म्हणून काय झालं? त्यानं नाव लिहिलं, अन् तुम्ही त्याच्याकडून फास घालून घेऊ रायले?”

“फास नाही, गाठ. अन् मासा सोडतोच ना मी.”

त्यांनी मला उचललं, पण लाल फडक्यात परत ठेवलं नाही. मनाला पटेना. गळाला लागलेला पेन तापीमायला कसा द्यायचा? पुन्हा टेबलावर ठेवलं आणि त्या निघून गेल्या. तेव्हापासून मी ना देवाचा, ना नदीचा.

मग ती सकाळ आली. लीलाधरभाऊ एक माशी बांधत होते. पिसं बसवून झाली होती, शेवट तेवढा बाकी होता. त्यांनी मला उचललं आणि मी त्यांच्या बोटांतून निसटलो. वाकून घ्यायला गेले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं होतं.

दवाखाना झाला, घरी आणलं. पाय हळूहळू ओढत का होईना चालू लागला. हात मात्र मांडीवर पडून असे, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी डाव्या हातानं खिडकीबाहेर भिरकावला.

“हात मेला माझा,” ते म्हणाले. “मेलेल्याले कसरत करायला लावता काबरं?”

ते टेबलाकडे पाठ करून बसू लागले. टेबलावर मी, आणि पकडीत ती अर्धवट माशी. दोरा तसाच ताणलेला, रीळ लोंबतंय. धूळ बसत चालली.

हेमांगी धुळ्याहून आली तेव्हा आवराआवर करू लागली. “आई, हे काढून टाकू. पप्पांना बघून त्रास होतो.”

“हात लावू नको,” रत्नाबाई म्हणाल्या. “दोरा कापायचा नाही.”

“अगं, माशी आहे ती!”

“असू दे. धरलेलं व्रत मधेच सोडतात का? उद्यापन व्हावं लागतं. ते त्यांनी धरलंय, तेच करतील.”

मी ऐकत होतो. ज्या टेबलाकडे ही बाई कधी धड बघत नव्हती, त्याच्याभोवती आता ती फडकं जपून फिरवायची, लोंबता दोरा हलू न देता. मला कळून चुकलं, रत्नाबाईंचा जीव त्या दोऱ्याला टांगलाय. ते पुन्हा या खुर्चीत बसले तर सगळं आहे. नाही बसले, तर पाय चालूनही उपयोग नाही.

पण वाट बघायलाही अंगात बळ लागतं. एका दुपारी लीलाधरभाऊ झोपले असताना त्या स्वतःच खुर्चीत बसल्या. मला उचललं. किती दिवसांनी ती बोटं! फेर घेतला, पण मला उलटं धरलं, दोरा निसटला. मग त्यांनी मला ठेवून दिलं आणि अनंताच्या दोऱ्याला मारतात तशी आपली सवयीची गाठ मारली. नेलपॉलिश वाळून खडा झालेली. त्या स्वयंपाकघरात गेल्या, डब्यातला डिंक पाण्यात भिजवला आणि त्याचा थेंब गाठीवर सोडला. चिकट ते चिकट. मग देवाचं नाव घेऊन दोरा कापला.

संध्याकाळी नईम आला. नाक्यावर त्याचं कोंबड्यांचं दुकान, पिसं त्याच्याकडचीच. धरणावर लीलाधरभाऊंना मोटारसायकलवर तोच नेत असे. रत्नाबाईंनी ती माशी वाटीत घालून देवाच्या प्रसादासारखी दोघांसमोर धरली.

“अक्का, तुम्ही बांधली?” नईमचे डोळे मोठे झाले. “भाऊ, तुमची गादी गेली!”

लीलाधरभाऊंनी बघितलं न बघितल्यासारखं केलं. नईमनं माशी पाण्याच्या ग्लासात सोडली. थोडा वेळ ती तरंगली. मग डिंक विरघळू लागला. पाणी गढूळ झालं, गाठ सैल पडली, दोरा एकेक वेढा सोडत उलगडला, आणि नुसता गळ तळाशी जाऊन बसला. वर पिसं फिरत राहिली.

रत्नाबाईंचा चेहरा उतरला. “मोडलं,” त्या पुटपुटल्या. “माझ्या हातानं मोडलं.”

“काय लावलं व्हतं याले?” लीलाधरभाऊंनी विचारलं.

“डिंक.”

“लाडवाचा?”

“मग दुसरा कोणता असतो घरात?”

लीलाधरभाऊंचं अर्धं तोंड हसलं. मग तेही अर्धं हसू राहिलं नाही, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. “नईम, उद्या खोबरंही घालीन रे ही. मासे बाळंतिणीसारखे धष्टपुष्ट होतील!”

“हसा,” रत्नाबाई चिडून म्हणाल्या. “येतं तर तुम्ही करून दाखवा ना!”

बोलून गेल्या आणि पदर तोंडाशी धरला. लीलाधरभाऊ ग्लासातल्या पिसांकडे बघत राहिले.

“गळ लाव पकडीत,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून माझी पुन्हा नोकरी सुरू झाली. डाव्या हातानं ते दोरा फिरवत. मला रत्नाबाई त्यांच्या उजव्या मुठीत ठेवत आणि वरून आपला हात दाबून धरत. मूठ थरथरे, मी गळाच्या नाक्यावरून घसरे, फेर खाली पडे. पुन्हा. कधी एका गाठीत दुपार सरायची. दोघं भांडायची.

“वर धर वं जरा!”

“वरच आहे. तुमचाच हात खाली ओढू रायला.”

“ओढू रायला ना? मग जिवंत आहे तो!”

असं काही बोलून गेले की दोघं पुन्हा फेर घ्यायला लागत. मी मधे दाबलेला. हेमांगीनं नवी नेलपॉलिश पाठवली, गडद लाल. हळूहळू रत्नाबाईंचा हात वरून उठू लागला, नुसता जवळ राहू लागला. आणि एका दुपारी ती मूठ एकाएकी अशी आवळली की माझ्या मानेला तडा गेला. आवाज सगळ्यांनी ऐकला.

दुखलं मला. पण ती मूठ मेलेली नव्हती, याला माझ्याहून मोठा साक्षीदार कोण?

“आता पुरे,” रत्नाबाई मला कुरवाळत म्हणाल्या. “किती राबवायचं याले? यंदाची कार्तिकी एकादशी आलीच आहे. तापीमायले देऊन टाकू. नाव लिहिलं, अन् तुमचा हात हलवला. ती नाही म्हणणार नाही.”

माझं मन भरून आलं. इतके दिवस ज्या शब्दासाठी थांबलो होतो, तो शब्द!

“थांब,” लीलाधरभाऊ म्हणाले. “काळा दोरा आण.”

त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि तड्यावर दोरा गुंडाळू लागले. आधी दोऱ्याचा एक छोटा फास माझ्या मानेवर आडवा ठेवला, आणि त्यावरून वेढे, एकाला एक लागून. शेवट आला आणि रत्नाबाईंच्या लक्षात आलं. हा दोरा माझ्यावरच बांधला होता. मी काही माझ्या स्वतःच्या मानेवर गाठ सरकवू शकत नव्हतो. आता तो बोटांचा जुना शेवटच हवा होता. डाव्या अंगठ्यानं वेढे दाबून धरायचे, आणि उजव्या बोटांनी टोक फासातून ओवायचं.

रत्नाबाई पुढे सरकल्या.

“नको,” ते म्हणाले.

टोक फासाजवळ गेलं, चुकलं. बोटं वाळक्या काटक्यांसारखी. पुन्हा चुकलं. कपाळावर घाम आला. रत्नाबाईंचे ओठ हलत होते. जे नाव त्या माझ्याकडून लिहून घ्यायच्या, तेच आता बिनशाईचं चाललं होतं. टोक फासात शिरलं. लीलाधरभाऊंनी फासाची दुसरी बाजू दोन बोटांत धरली आणि ओढली. टोक वेढ्यांखालून सरसरत गेलं आणि पलीकडून बाहेर आलं. गाठ कुठे दिसेना.

त्यांनी मला पुढे धरलं, उजव्या हातात. “काप आता.”

रत्नाबाईंनी कात्री आणली. उरलेला दोरा त्यांनी कापला, आणि या वेळी काही उलगडलं नाही.

एकादशीला लाल फडकं नदीवर गेलं. मला रत्नाबाईंनी उचललं, कपाळाला लावलं आणि टेबलावरच ठेवलं. “तुझं उद्यापन राहू दे बाबा अजून,” म्हणाल्या.

तर मी असा आहे. दमलेला, बांधलेल्या मानेचा. नईमच्या मोटारसायकलवर लीलाधरभाऊ अजून बसू शकत नाहीत, पण माशी त्यांची जाते. बोटं रोज चालत नाहीत, म्हणून मी लागतो. मला नदी हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण घाई नाही.

तुमच्याकडे एवढंच मागणं. घरात कुणाचा हात अर्ध्यावर थांबला असेल, तर त्याचं टेबल आवरून टाकू नका. धूळ पुसा, आणि दोरा तसाच लोंबू द्या.