बोकड नसलेलं जागरण

प्रतिक्षाच्या घरी रविवारी खंडोबाचं जागरण होतं. निदान आजी, दगडाबाई, तसं म्हणत होती.

मग कोंबड्यांचं शेड रिकामं का केलं? "रंग द्यायचाय."

ब्लाउजचं माप कशाला? "देवाचं हाय, नवं नेसावं."

आई काहीच बोलत नव्हती. फक्त दोन दिवस शेणाला हात लावू देत नव्हती. "ऱ्हाऊ दे, हात खराब व्हत्यात." पंधरा वर्षांत पहिल्यांदा असं झालं होतं, आणि प्रतिक्षाला धास्ती त्याचीच होती.

कळस गावच्या शाळेत त्या दिवशी नववीचा वेगळाच तास. माहीत नसलेल्या व्यवसायातल्या माणसाची मुलाखत घ्यायची, एकीनं सोंग घ्यायचं. चिठ्ठी निघाली: आचारी. वर्गशिक्षिका कौसल्याबाईंनी रेश्माच्या डोक्याला पंचा बांधला. तिचे वडील पंगतीचा स्वयंपाक करत, आणि पोरीचा कान सदा त्यांच्या फोनला. प्रश्न विचारणार प्रतिक्षा.

प्रश्न पहिला. आचारीबुवा, मिठाचा अंदाज कसा येतो?

"हातानं. जिभेवर इस्वास ठिवला तर पंगत उपाशी जाती."

वर्ग खिदळला.

प्रश्न दुसरा. लग्नाच्या आणि जागरणाच्या स्वयंपाकात फरक काय?

"जागरणाला बोकड, लग्नाला बुंदी." रेश्मा रंगात आली. "पन ह्या रईवारी गंमतच हाय. मालक म्हनतोय जागरण, आन् सांगितलीय चारशे मान्सांची बुंदी! बोकडाचं नाव न्हाय. वर म्हनतोय, मंडप नको, कोंबड्यांचं शेड मोकळं केलंय, तितंच चुली मांडा."

प्रतिक्षाचं पेन थांबलं.

प्रश्न तिसरा. हा वहीत नव्हता. ताटं कधी लावायची?

"बारा पस्तीसला अक्षता पडल्या की लगीच."

प्रश्न चौथा. शेड कुठं?

"निरवांगीच्या वाटंला..." रेश्मानं तिच्याकडं पाहिलं. हळूच पंचा सोडला. "पतू, तुमचं शेड…"

प्रतिक्षानं वही मिटली आणि ती कौसल्याबाईंकडं वळली.

"बाई," प्रतिक्षा म्हणाली, "आता तुमची मुलाखत."

"माझी? काय विचारायचंय?"

"गेल्या साली आपल्या वर्गातल्या छकुलीचा साखरपुडा म्हनून आपन समदी गेलो. तितंच तिचं लगीन उरकलं. आठवीत व्हती. तुमी अक्षता टाकल्या?"

गावात राहायचं असतं, बोलावलं तर जावं लागतं. अशी उत्तरं मोठ्या माणसांच्या खिशात असतातच.

"टाकल्या," बाई म्हणाल्या. "जिलबीही खाल्ली."

"रईवारी टाकनार?"

बाईंनी फोन काढला. एक, शून्य, नऊ, आठ, अडचणीतल्या मुलांच्या मदतीचा नंबर. टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडून एका ताईंचा आवाज आला, "मुलीचं नाव सांगा."

बाई बोलणार, तोच प्रतिक्षा पुढं झाली.

"प्रतिक्षा."

"वय?"

"पंधरा."

"काय करतेस, बाळ?"

संध्याकाळी त्याच घरात जायचं होतं. आजीचा हात उठणार होता, आई पुन्हा गप्पच बसणार होती. प्रतिक्षानं टेबलाची कड घट्ट धरली.

"शिकते," ती म्हणाली. "नववीत."