नागूबाईच्या दंडावरचे डाग

"टोचून घेतलेली नागू मेली, मग आमी कामून टोचून घ्यावं?" सोजराबाईनं विचारलं आणि बाकीच्या बाया तिच्यामागं सरकल्या.

कमठाण्याच्या वाटेवरच्या त्या कापसाच्या जिनिंगात सकाळपासून काम बंद होतं. तहसिलीतून आलेला देवी डॉक्टर बाभळीखाली पेटी उघडून बसला होता. हंगामासाठी आलेल्या नव्या बायांना देवीची लस टोचायची होती. पण चार दिवसांपूर्वीच नागूबाई देवीनं गेली होती, आणि तिच्या दंडावरचे तीन डाग सगळ्यांनी पाहिले होते.

मुकादम इरप्पा खांबाला टेकून ऐकत होता. ते डाग कसले, हे आता एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

दसऱ्याआधी साथीची आवई उठली तेव्हा मालक रामकिशनशेठनं हुकूम काढला होता, दंडावर टोचल्याचा डाग नसेल त्यानं जिनिंगात पाय ठेवायचा नाही. मुनशी फाटकात एकेकीचा दंड बघून आत सोडायचा. नागूबाई तेवढी अडून बसली. तिचं पहिलं लेकरू टोचल्यावर तापानं गेलं होतं.

"हात कामाला दिलेत, अण्णा. अंग इकलं न्हाई म्या," ती इरप्पाला म्हणाली.

"शेठ ऐकायचे न्हाईत, नागू. टोचून घे."

"मग बसते घरी. पोरी उपाशी ऱ्हातील, ऱ्हाऊ देत."

इरप्पाला राहवलं नाही. दुपारी सरकीच्या खोलीत त्यानं तापलेली सुई बिब्यात खुपसली आणि तिच्या दंडावर तीन चटके दिले.

"थोरल्या भावावानी केलास," ती म्हणाली. नवऱ्यालाही तिनं हे सांगितलं नाही.

"टोचायचं नसंल त्यांनी चालू लागा!" आता शेठ ओरडले. आणि बाया खरंच पदर खोचून निघाल्या. सगळ्यांच्या घरी लहान लेकरं होती, तीही आता बिनटोचलेलीच राहिली असती. इरप्पा फाटकात आडवा आला.

"थांबा! नागूला टोचलंच नव्हतं. ते डाग बिब्याचे हुते. म्या दिले."

बॉयलरपासून तिचा नवरा काशाप्पा पुढं आला. तिच्या तिसऱ्या दिवसाचं करून तो आजच कामावर आला होता. हातातलं फावडं त्यानं खाली ठेवलं. आता हा मारणार, असं इरप्पाला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला तर सांगायचास, अण्णा," काशाप्पा म्हणाला. "म्या समजावलो असतो तिला. माझं ऐकायची ती."

एवढं बोलून तो घरी गेला आणि दोन्ही पोरींना घेऊन आला. बाभळीखाली त्यानं धाकटीला मांडीवर धरलं. पोरगी किंचाळली. सोजराबाई तिच्याकडं बघत राहिली, मग बाही वर सारून मागं उभी राहिली. एकेक करत बाकीच्याही आल्या.

"तू उद्यापासून येऊ नगंस," शेठ इरप्पाला म्हणाले.

सतरा वर्षं राबलेल्या जागेतून तो भर दुपारी बाहेर पडला. कुणी हाक मारली नाही. ओढ्यावर तोंड धुताना भुवयांत अडकलेला कापूस बोटांना लागला. त्यानं तो काढला नाही. ओला हात तसाच कपाळावर ठेवून तो बसून राहिला.