एका बोटाचा फरक

“आई, तुझं वजन किती गं?”

मुनिसा आणि बाकीच्या मैत्रिणी फाटकाआड दबा धरून बसल्या होत्या. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं त्यांनी शाळेतून येतानाच मला सुनावलं होतं. आणि हिंमत म्हणाल तर ती यंदा माझ्याकडे जरा जास्तच झाली आहे. आईने शिवणयंत्र थांबवलं, तोंडातल्या टाचण्या काढल्या, फाटकाकडे एकदा पाहिलं. बाहेरच्यांना चहाला आत बोलव, वजन मग सांगते, म्हणाली. फाटकाआडून पळणाऱ्या सपातांचा आवाज आला.

पण प्रश्न काही उगाच नव्हता. माझ्या फर्रुखदादाने बाबांच्या पांढऱ्या गाडीला आखूड स्प्रिंगा बसवल्या होत्या. आमच्या उझबेकिस्तानातल्या कोकंद शहरात पोरांना गाडी जमिनीला जितकी टेकेल तितकी देखणी वाटते. टायर आणि मडगार्ड यांच्या मधे किती बोटं जातात, त्यावर इज्जत ठरते; पोरं आधी वाकून बोटं घालतात, सलाम नंतर. आमच्या गाडीत डावीकडे तीन बोटं जायची आणि उजवीकडे दोन. आमच्याकडे गाडी डावीकडे बसून चालवतात, उजवीकडे पुढे आई बसते. गल्लीने निष्कर्ष काढला.

रविवारी चुलतभावाचं लग्न होतं आणि नवरी आणायला आमचीच गाडी सर्वांत पुढे जायची होती. बाबांनी सांगून टाकलं, लंगडा घोडा वरातीत नको. शनिवारपर्यंत सरळ झाली नाही तर जुन्या स्प्रिंगा परत बसतील, यापुढे गाडीखाली कोणी जायचं नाही, आणि मी तर मुळीच नाही. माझी अख्खी सुट्टी आईच्या शिवणवर्गात जाईल. आता मला विचाराल तर अंगणातल्या त्या खड्ड्यात गाडीखाली उभं राहून पाना फिरवण्याइतकं सुख मला कशातच मिळालेलं नाही. दादाने यावर उपाय काढला होता: डावी स्प्रिंग एक वेढा कापायची. कापली की कापली, मग ती पुन्हा जोडता येत नाही.

“अठ्ठावन्न,” आई म्हणाली. “आणि गाडी रिकामी उभी असते तेव्हाही वाकडीच असते ना? तेव्हा काय माझं भूत बसतं का आत?”

हे गल्लीत कोणालाच सुचलं नव्हतं.

आई एका मुलीच्या झग्याची बाही उसवत होती. शिष्येने केलेला घोटाळा, म्हणाली. पोरीने गिऱ्हाइकाला हात वर करायला लावून बाही टाचली. आता हात खाली घेतला की सगळा झगा ओढला जातो. “हात जसा रोज असतो तसा ठेवून टाचायचं असतं, झेबो. लोंबकळत नाही की वर नाही.”

मी अंगणाकडे धावले.

कारण डावी बाजू मी बसवली होती. गाडी जॅकवर, चाक हवेत लोंबकळत, आणि मी चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचा बोल्ट दोन्ही हातांनी असा आवळला की दादाने पाठ थोपटली. त्या बोल्टाभोवती रबराचा बुश असतो; बोल्ट आवळताना चाक जिथे असेल तिथेच तो पकडला जातो, आणि मग चाक हललं की पिळतो. उजवीकडचा बोल्ट नुसता अडकवला होता तेवढ्यात शेजारचे खोलमतआजोबा आले. वाटेत गाडी, म्हणून ती खाली घेऊन मागे खड्ड्यावर ढकलावी लागली. आमच्याकडे पाहुण्याला चहाचा पेला अर्धा भरून देतात, म्हणजे बसा अजून. काठोकाठ भरला तर उठा. दादाचा हात सारखा काठापर्यंत जायचा आणि बाबांचे डोळे त्याला अडवायचे. आजोबा अकरा अर्धे पेले प्यायले. अंधारायला लागल्यावर दादाने खड्ड्यातूनच उजवा बोल्ट आवळला, गाडी चाकांवर उभी असताना. म्हणजे घाईची बाजू बरोबर होती आणि माझी सुबक बाजू चुकीची. माझं पिळलेलं रबर गाडीला वर ढकलून धरत होतं.

अंगणात दादा कापायचं यंत्र जोडत होता, बाबा शेजारी चहा घेऊन. चूक माझी आहे, हे मी एका दमात सांगितलं. बाबांनी दादाकडे पाहिलं, कारण सगळं आपण एकट्याने केलं असं तो त्यांना सांगून बसला होता. दादा त्या यंत्राच्या वायरीकडे फारच मन लावून पाहू लागला.

मी खड्ड्यात उतरले, बोल्ट सैल केला. ‘कट्’ असा आवाज आला. दादा बॉनेटवर बसून दोनचार वेळा उसळला, मग मी बोल्ट पुन्हा आवळला. बाबांनी स्वतः वाकून बोटं घातली. डावीकडे दोन. उजवीकडे दोन. मग पुन्हा डावीकडे.

त्यांनी मला समोर बसवलं आणि पेला भरून दिला. अर्धा. आजवर मला काठोकाठच मिळायचा, पी आणि अभ्यासाला पळ म्हणून.

आईही दारात येऊन उभी राहिली, बाही हातात. मी चहा संपवला नाही. पेला खाली ठेवला आणि दोघांना सांगितलं:

“सुट्टीत सकाळी मी आईच्या वर्गात बसणार, कारण तिथे माझ्या कामाचं शिकवतात. आणि दुपारपासून सोतवोल्दी उस्तादांच्या गॅरेजात, गाड्यांचं काम शिकायला. ठरलं माझं.”