खांद्यापर्यंत मुरूम

अप्पांच्या खड्ड्यात माती त्यांच्या खांद्यापर्यंत येत होती आणि तिथेच थांबत होती. लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. अप्पाही तसेच बसले होते, कपाळावर विभूती लावून. लोकांनी मूठमाती दिली, खणून काढलेला सगळा ढीग आत लोटला, तरी चेहरा उघडाच राहिला. दिवस मावळायच्या आत खड्डा बुजवा, असं सांगून स्वामी गेले. त्यांच्यामागोमाग मंडळीही गेली. उरली अप्पांची दोन मुलं: थोरली महानंदा आणि धाकटा विश्वनाथ.

खडी-मुरूम वाहणाऱ्या इराप्पाने पिकअप मागे घेत घेत खड्ड्याशी लावली आणि हौद्याचा फाळका पाडला. आत खाली खडी, वर मुरूम. महानंदा हौद्यात चढून फावड्याने ओढू लागली. विश्वनाथ घमेली भरभरून खड्ड्यात ओतत होता. हौदा रिकामा झाला. खड्ड्यात पातळी खांद्यालाच होती. अप्पांच्या भुवयांवर थोडी धूळ बसली होती, एवढंच.

"अप्पा रस्त्याच्या कामावर मुकादम होते, तेव्हा माझी दर गाडी कमी भरली म्हणून परत धाडायचे," इराप्पा म्हणाला. "आजही तेच चाललंय." आणि तो दुसरी खेप आणायला गेला.

दुसरी खेप निम्मी उतरल्यावर महानंदाच्या लक्षात आलं. चोपल्याशिवाय एका थरावर दुसरा थर अप्पांनी जन्मात कधी टाकू दिला नव्हता, आणि ही दोघं सकाळपासून नुसती ओतत होती. तिने तसं सांगितल्यावर विश्वनाथने इराप्पाच्या गाडीतून माती चोपायचा धुम्मस काढला, दोन्ही हातांनी उचलला, अप्पांच्या डोक्याकडे पाहिलं आणि खाली ठेवला.

"माझ्याच्यानं व्हायचं नाही, अक्का."

"मी पायानं चोपते."

"अप्पांना पाय लागेल."

"लागेल," ती म्हणाली आणि खड्ड्यात उतरली.

मुरूम लगेच चढू लागला. हनुवटी गेली, ओठ गेले. डोळ्यांपाशी ती थांबली. अप्पांनी डोळे मिटून घेतले. तिने मान डोलावली, विश्वनाथने घमेलं उपडं केलं. मग तिच्या टाचेखाली डोकं आलं. अजून गरम होतं. आधी तिने पाय हलकेच टेकवला, मग सगळा भार दिला. हलक्या पायाने चोपलेलं त्यांना कळलं असतं.

खड्डा जमिनीबरोबर भरला. इराप्पाने रिकाम्या हौद्याचा फाळका लावला. विश्वनाथने तिला हात दिला. तिने उजवा पाय उचलला, तसा त्याखालचा मुरूम बोटभर खचला. पाय परत ठेवला, सपाट झाला. डावा उचलला, तिथेही तेच.

"चल ना, अक्का."

"तू हो पुढे. आईला सांग, भरला म्हणून."

पिकअप निघून गेली. गाडी उभी होती तिथे महानंदाच्या चपला पडल्या होत्या. विश्वनाथने त्या आणल्या, झटकल्या आणि तिच्यापुढे जोडीने ठेवल्या, गावाकडे तोंड करून.