भिंगरीचा डावा पाय

मी बूट बोलतोय. डावा. उजवाही आहे शेजारी, पण त्याला विचारून उपयोग नाही. मैदानाची वळणं सगळी डावीकडे, त्यामुळे खरा भार माझ्यावर आणि मिरवायला मात्र दोघं. आज मला घाईने बोलावं लागतंय. शर्यत तोंडावर आली आहे आणि मला जे कळतंय ते बोलायला दुसरं कुणी तयार नाही.

आम्ही खिळ्यांचे बूट. तळव्याला पुढे लोखंडी खिळे, टाचेखाली जवळजवळ काहीच नाही. दुकानदाराने मला तळहातावर उडवून दाखवलं आणि म्हणाला, "हे चालायला नाहीत हं." "चालायचंय कुणाला?" असं म्हणून जिने मला उचललं, ती भिंगरी. लहानपणापासून पायाला भिंगरी, म्हणून घरात हेच नाव पडलं. खरं नाव फक्त मैदानावरच्या भोंग्यातून ऐकू येतं.

ती आठशे मीटर धावते. मैदानाच्या दोन फेऱ्या. लोक म्हणतात, दोनच? अहो, पहिली फेरी कुणीही धावेल. दुसरीत छाती भाजते, मांड्यांचे दगड होतात आणि तरी वेग वाढवायचा असतो. भिंगरी शेवटच्या वळणावर पुढच्या मुलीच्या खांद्याशी चिकटून राहायची आणि मग बाहेरून निघून जायची. पहिल्याच मोठ्या विजयानंतर तिने मला काढून माझा मुका घेतला. उजव्याचा घेतला नाही. तो अजून ते बोलून दाखवतो.

राहायला त्या दोघी बहिणी, सोफ्याच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत. खाली ताई खुर्च्यांची कव्हरं शिवते. आई गेल्यापासून तिनेच भिंगरीला वाढवलं. दिवसभर मशीन चालतं आणि वरची फरशी थरथरते. मी दाराजवळ पिशवीत पडून ते ऐकत असतो.

या हंगामात भिंगरीचा पाय वेगळा पडू लागला. दुसऱ्या बोटामागच्या हाडाशी काहीतरी बारीक कुरकुरत होतं. मी तिच्या सरावाच्या बुटाला विचारलं, "तुला जाणवलं का?" तो जाड तळव्याचा, सुखवस्तू. म्हणाला, "मला बाबा सगळं मऊच लागतं."

मग एक दिवस ती डॉक्टरांकडून आली आणि पलंगावर नुसती बसून राहिली.

"हाडाला केसाएवढी चीर आहे म्हणाले," ती म्हणाली. "आत्ता थांबलं तर भरून येईल."

"आणि नाही थांबलीस तर?" ताईने विचारलं.

"मोडेल. मग परत धावता येईलच असं नाही."

"मग सरांना सांग ना गं!"

"सांगितलं की नाव कापलं. आमच्यातल्या त्या उंच पोरीला लंगडताना बघून त्यांनी घरी पाठवलं, ती परत दिसली का कुठे? यंदा देशाच्या संघात नाही गेले तर मग कधी जाणार? नव्या पोरी मला काकू म्हणायला लागल्यात, ताई."

ताईला हसू आलं नाही. पण पाठीवरून हात फिरवता फिरवता ती विरघळली. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातल्या फोमचा तुकडा माझ्या मापाने कापला, वर पातळ चामडं शिवलं आणि माझ्या पोटात बसवला. काम इतकं सुबक की कुणाला शंका येऊ नये. भिंगरीने पाय घातला आणि तिच्या तोंडून "आहाहा" निघालं.

मी मात्र हादरलो. दुखणं थांबलं होतं, चीर थांबली नव्हती. प्रत्येक पावलाला ते हाड थोडं जास्त वाकत होतं आणि आता ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

तिला धावायला शिकवणाऱ्या सरांची एक पद्धत आहे. शर्यतीआधी ते प्रत्येकीला एका पायावर उड्या मारायला लावतात आणि पायाकडे न बघता चेहऱ्याकडे बघतात. "पाय लपवाल, चेहरा कुठे लपवाल?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून दोघी बहिणींनी आरशासमोर तालीम केली. "दात आवळू नकोस, कळतं. घाम पुसल्यासारखं कर," असं ताई शिकवायची. ताईचा आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत गेला. मला भीती वाटायची. पिशवीच्या अंधारात उजवाही गप्प असायचा आणि तो गप्प राहणाऱ्यांतला नाही.

आज निवडीची शर्यत. सकाळी भिंगरी अंघोळीला गेली तेव्हा पिशवी उघडली. ताई होती. तिने माझ्यात बोटं घातली, टाके उसवले आणि ती गादी ओढून काढली. "आता दुखेल," ती माझ्याशीच पुटपुटली. "दुखलं की थांबेल माझी बाय."

मला ओरडावंसं वाटलं. ताई, तू तिला वाढवलंस, तरी तिला ओळखलं नाहीस!

मैदानाच्या कडेला बसून भिंगरीने पाय आत घातला. तळवा टणक तळाला लागला आणि ती जागच्या जागी थबकली. तिने जाळीच्या कुंपणापलीकडे उभ्या ताईकडे पाहिलं. ताईने पदर तोंडाला लावला होता आणि ती मान हलवत होती, नको, नको. भिंगरीला सगळं कळलं. तिने खाली वाकून माझी नाडी आणखी आवळली.

सर आले. उड्या झाल्या. हाड माझ्या पोटात करकरलं. भिंगरीने कपाळावरचा घाम पुसला.

"शाब्बास. तयार?"

"तयार, सर."

सरांनी कुंपणाकडे वळून विचारलं, "काय हो ताई, बरी आहे ना पोर?"

सगळं त्या एका उत्तरावर होतं. ताईने तोंड उघडलं. भिंगरी तिच्याकडे एकटक बघत होती, लहानपणी खाऊ मागताना बघत असेल तशी.

"बरी आहे," ताई म्हणाली.

आता आम्ही रेषेवर आहोत. भिंगरी डावा पाय पुढे ठेवून उभी राहते. वाचणाऱ्या माणसा, तुला तोंड आहे, पाय आहेत, तू कुंपणाजवळ उभा असशील तर अजून क्षणभर वेळ आहे. ओरड. तिचं नाव घेऊन हाक मार, शिवी दे, काहीही कर, पण तिला थांबव. मला फक्त धरून ठेवता येतं आणि मी धरलंय, जितकं घट्ट धरता येईल तितकं.

मैदान गप्प झालंय. ती पुढे झुकली आहे आणि तिचा सगळा भार माझ्यावर आलाय.